दुरडीचा तळ

गेल्या दिवाळीच्या पंधरा दिवस आधी अक्काच्या नातीचा फोन आला. ती शहरात, सिडकोत राहते आणि वाळूजला एका कंपनीत नोकरीला जाते. म्हणाली, "मामाआजोबा, यंदा सात घरी काहीतरी द्यायचंय. विकतचे बॉक्स नकोत, घरीच करून छान टोपल्या भरायच्यात. पण बजेट एकवीसशेच्या वर नाही. तुम्ही लोक पूर्वी टोपलीत काय भरायचा हो?"

मी म्हटलं, "बाई, टोपली नाही. दुरडी."

"तेच ते."

"तेच ते नाही. टोपलीत माती भरतात, शेण भरतात. लेकीकडं जाते ती दुरडी."

ती हसली आणि म्हणाली, मग दुरडीचंच सांगा. फोनवर काय सांगणार? "येतो चार दिवसांनी, तुझ्या आजीसमोरच बोलू," असं म्हणून मी फोन ठेवला. पण त्या रात्री झोप लागेना. डोळ्यांसमोर एकामागून एक दुरड्या येत राहिल्या. माझ्या आजीच्या, मायच्या, आणि डोक्यावर घेऊन मी चार कोस चाललो ती एक.

आमचं गाव फुलंब्रीच्या वरच्या अंगाला, गिरिजा नदीपासून कोसभर. गावात बुरुडाचं एकच घर होतं. धान्य पाखडायची सुपं, भाकरीची शिपतरं, कणग्या, कोंबड्यांची डालगी, सगळं त्याच्या हातचं. सुगीला खळ्यावरून त्याच्या घरी धान्य जायचं आणि सणाच्या तोंडावर तो दारात नवी दुरडी ठेवून जायचा. बांबूच्या पातळ कामट्यांची, तळाला चौकोनी आणि तोंडाला गोल. नवीन असताना तिला ओल्या बांबूचा हिरवट वास यायचा. सणाचा पहिला वास आम्हा पोरांना तोच यायचा, तळणाचा नंतर.

वर्षाच्या दुरड्या ठरलेल्या असत. नागपंचमीच्या दुरडीत ज्वारीच्या लाह्या, फुटाणे आणि बांगड्या. दिवाळीच्या दुरडीत करंज्या, शेव, लाडू, उटणं आणि चोळीचा खण. संक्रांतीची दुरडी म्हणजे अख्खं शिवार. बोरं, गाजरं, उसाची पेरं, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, ज्वारीचं कोवळं कणीस आणि कुंभाराची सुगडं. उन्हाळ्यात वाळवणाची दुरडी जायची. कुरडया, शेवया, सांडगे, बाजरीच्या खारोड्या. लेक बाळंत झाली की बाळंतविडा. त्यात डिंक, खारीक, खोबरं, सुंठ, अळीव, तुपाचा गडू, आणि जुन्या मऊ लुगड्यांची शिवलेली दुपटी, टोपडी. अधिक महिना आला की जावयाला ३३ अनारसे. अधिक महिना साधारण ३३ महिन्यांनी येतो, म्हणून तेवढे. मोजताना माय मोठ्यानं आकडे म्हणायची आणि मध्ये कुणी बोललं की पुन्हा एकपासून मोजायची.

आता लोक म्हणतात तशी प्रत्येक दुरडीला आपली एक 'थीम' होती. ती कुणी बसून ठरवलेली नव्हती. त्या महिन्यात शेतात काय आहे, हवा कशी आहे आणि लेकीच्या अंगाला काय लागणार आहे, यावरून ती ठरायची. खर्चाचा हिशोबही त्यातच बसलेला. साखर, खोबऱ्याची वाटी, हळदकुंकू, बांगड्या एवढंच बाजारातून. बाकी सगळं घरातलं. माझी आजी म्हणायची, "इकतचं छटाकात घालावं, घरचं पायलीनं."

भरायची रीतही होती. आधी दोन ओंजळी ज्वारी किंवा गहू टाकून तळ झाकायचा. उघड्या तळावर काही ठेवायचं नाही. त्यावर जड जिन्नस. बांगड्या फडक्यात गुंडाळून लाह्यांच्या पोटात, म्हणजे वाटेत फुटत नाहीत. करंज्या सगळ्यांत वर. त्यावर खण, खणावर विड्याची पानं. शेवटी जुन्या लुगड्याचा तुकडा घालून दाभण-सुतळीनं दुरडीचं तोंड शिवायचं.

तोंड का शिवायचं, हे मी एकदा आजीला विचारलं होतं. मला वाटलं होतं, वाटेत नेणाऱ्यानं खाऊ नये म्हणून. तेही होतंच. पण आजीनं सांगितलं ते वेगळं होतं.

आमचा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचं नाणंही वेगळं. त्याला हाली सिक्का म्हणत, आणि इंग्रजी मुलखातल्या रुपयाला कलदार. साधारण सात हाली रुपये दिले की सहा कलदार मिळायचे. संस्थानाची जकातही स्वतःची होती, तिचं नाव करोडगिरी. आजीची धाकटी बहीण दिली होती चाळीसगावकडं. कन्नडचा घाट उतरला की खानदेश, म्हणजे इंग्रजी मुलूख. आज आपण त्या घाटातून गाडीनं अर्ध्या-पाऊण तासात उतरतो. पण तेव्हा बहिणीची दुरडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायची. आजी सांगायची, नाक्यावरचा शिपाई मोकळ्या तोंडाच्या दुरडीत कोपरापर्यंत हात घालायचा. जकातीपेक्षा करंज्याच जास्त जायच्या. शिवलेली दुरडी दिसली की मात्र तो विचारायचा, "लेकीची का?" आणि हो म्हटलं की बहुतेक वेळा सोडून द्यायचा. सुतळीचा तेवढा मान होता.

त्याच दुरडीच्या तळाशी, ज्वारीत, पणजीनं एक कलदार रुपया पुरलेला असायचा. हाली रुपया तिकडं चालायचा नाही, म्हणून मुद्दाम बदलून आणलेला. तो नाक्यावरच्या शिपायाला दिसू नये, हे एक. दुसरं कारण त्याहून मोठं. दुरडी लेक उघडायची नाही. ती सासू उघडायची, तीही आळीतल्या चार बायांना बोलावून. माहेरानं काय धाडलं ते सगळ्यांसमोर निघायचं आणि त्यावर वर्षभर बोललं जायचं. वरचा फराळ, खण, बांगड्या हे सासरच्या डोळ्यांसाठी. तळाच्या ज्वारीतला रुपया तेवढा लेकीचा. दुरडी रिकामी करून ज्वारी पाखडायचं काम सुनेकडंच येणार, हे पणजीला माहीत होतं. तीही कधी सून होतीच.

संस्थान गेलं, नाका गेला, हाली सिक्का गेला. १९५७ च्या एप्रिलपासून आणे-पैही गेली आणि नवे पैसे आले. आजी शेवटपर्यंत आण्यातच घासाघीस करायची. पण आमच्या घरातून दुरडी तशीच शिवून जात राहिली आणि तिच्या तळाशी रुपयाही तसाच जात राहिला. माय ते आजीकडून शिकली.

आणखी एक नियम होता. आलेली दुरडी रिकामी परत करायची नाही. हा नियम फक्त लेकीच्या दुरडीला नव्हता. आमच्या दुरडीसाठी विड्याची पानं द्यायचे ते तांबोळी चाचा. ईदला त्यांच्या घरून शिरखुर्म्याचं भांडं यायचं. माय ते घासून-पुसून, त्यात गुळाचा खडा नाहीतर मूठभर शेंगा घालूनच परत द्यायची. घरात काहीच नसलं तर परसातली कडीपत्त्याची डहाळी तरी.

अक्काचं लग्न १९६९ साली झालं. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी. सासर सिल्लोडच्या बाजूला, आमच्यापासून चार कोस. लग्नानंतरची पहिली तीन वर्षं सगळ्या दुरड्या वेळेवर गेल्या. १९७२ च्या वैशाखात अधिक महिना होता. आदल्या साली पाऊस कमीच झाला होता, तरी मायनं वाण्याकडून तांदूळ आणून ३३ अनारसे केले. मेव्हण्यांना बोलावून धोंडे जेवू घातले. पाऊस येईलच, असं तेव्हा सगळे धरून चालले होते.

पाऊस आला नाही. त्या सालाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, आणि आमच्या पिढीला तर ते साल शब्दानं सांगावं लागत नाही. 'बहात्तर' म्हटलं की पुरतं. औरंगाबाद, बीड, उस्मानाबाद हे जिल्हे फार होरपळले. तेव्हा जालनाही आमच्याच जिल्ह्यात होतं. विहिरींनी तळ गाठला, बैलजोडी विकली गेली, आणि ज्यांच्या खळ्यावर बलुतेदार उभे राहायचे ते शेतकरीच सरकारी कामावर खडी फोडायला बसले. पुढं १९७३ च्या मे महिन्यात राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, त्याची पायाभरणी असल्याच कामांवर झाली. आमच्या माय-दादांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना मुकादमाचं हजेरीपुस्तक माहीत होतं.

खायला मिलो मिळायची. अमेरिकेतून आलेली लालसर ज्वारी. भाकरी थापताना फाटायची आणि खाताना घशात अडकायची. कामावर सुकडीही मिळायची. पीठ, गूळ आणि तेलाची ती कोरडी वडी आम्हा पोरांना फार आवडायची. माय-दादा आपल्या वाट्याची सुकडी पदरात, धोतराच्या सोग्यात बांधून घरी आणायचे आणि आम्ही रस्त्यावर वाट बघत उभे असायचो.

दिवाळीच्या आठ दिवस आधी सुकडी येणं बंद झालं. मी विचारलं तर माय म्हणाली, "संपली." धाकटा रडला. दिवाळीच्या दोन दिवस आधी मला कळलं. माय सगळी सुकडी उतरंडीतल्या गाडग्यात साठवत होती.

नवी दुरडी नव्हती. बुरूड बायकोपोरांसह कामावर गेला होता. मायनं मागच्या सालची दुरडी काढली. तिच्या कामट्या तळाशी तुटल्या होत्या. सारवून घ्यावी तर गोठ्यात जनावर नाही, शेण कुठलं? मग तिनं माझ्या जुन्या वहीची पानं मागितली आणि चिंध्या लावून ती तळाला बसवली. त्यावर दोन ओंजळी मिलो. मिलोच्या पिठात गूळ घालून केलेले अकरा लाडू. त्यावर सुकडीच्या वड्या. खण विकत आणायला पैसे नव्हते. मामानं तिला दिलेला आणि तिनं अजून न शिवलेला एक खण होता, तो घातला. तांबोळी चाचांचा पानाचा धंदा बसलेला, तरी त्यांनी पाच पानं दिली. तोंड शिवायच्या आधी मायनं माझ्याकडं पाठ केली आणि मिलोत काहीतरी खोल खुपसलं.

एरवी दिवाळीला मुऱ्हाळी जातो तो दुरडी देतो आणि बहिणीला घेऊन येतो. त्या साली दादांनी मला बजावलं, "दुरडी दे आन् ये. अक्काला आणू नको." मला राग आला. तिला माहेरी आणायचं तर तिचा चार दिवसांचा रोज बुडणार आणि आमच्या घरी खाणारं एक तोंड वाढणार, हे मला बाराव्या वर्षी कुठून कळणार?

पहाटे निघालो. वाट ओळखीची होती, पण दोन्ही बाजूंनी हिरवं काही नव्हतं. डोक्यावर सुकडी होती आणि तिचा वास येत होता. दोनदा दुरडी खाली ठेवली. सुतळीला हात लावला. मायनं टाके इतके जवळ घातले होते की उसवलं असतं तर पुन्हा तसं शिवता आलं नसतं. खोटं कशाला सांगू, चांगुलपणा नव्हता तो. टाके दाट होते.

दुपारी पोचलो. अक्का वाळली होती. तिनं मला पाणी दिलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला, पण दुरडीकडं पाहिलं नाही. संध्याकाळी कामावरून बाया आल्या तशा तिच्या सासूनं, मामींनी, रीतीप्रमाणं दुरडी ओसरीवर घेतली. चार बाया बसल्या. मामींनी विळ्यानं सुतळी तोडली. पानं निघाली, खण निघाला. मग सुकडी.

कुणी काही बोललं नाही. मग एक बाई हळू आवाजात म्हणाली, "दिवाळीला सुकडी धाडली व्हय?" अक्का दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिची मान खाली गेली. माझे कान तापले. वाटेत सगळी खाऊन टाकली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

मामींनी एक वडी उचलली, मोडली, तोंडात टाकली. सावकाश चावली. मग म्हणाल्या, "गोड हाये की. आपल्या कामावरचीला गूळच नसतो." आणि त्यांनी एकेक तुकडा चारी बायांच्या हातावर ठेवला. "घ्या गं. विहीणबाईंनी तोंडचा घास काढून धाडलाय. लेकराच्या पायालाही बघा कसे फोड आलेत." मग अक्काकडं न बघता म्हणाल्या, "उभी काय राहिलीस? भावाला लाडू दे."

दुसऱ्या दिवशी मी निघालो तेव्हा दुरडी भरलेली होती. डोंगरातली सीताफळं. आमच्याकडच्या डोंगरांत सीताफळाची झाडं रानोमाळ आहेत, ती दुष्काळालाही दाद देत नाहीत. फळं मात्र त्या साली लिंबाएवढीच होती, कडक आणि काळपट. खाली सीताफळाचाच पाला घातला होता.

घरी मायनं एकेक फळ काढून मोजलं. पाला काढला. तळाशी, माझ्या वहीच्या पानावर, एक फडक्याची गाठ होती. तिनं ती सोडली. आत दोन रुपयांची नोट. वाघाचं चित्र असलेली, चार घड्या घातलेली. तिनंच घातलेली नोट परत आली होती. ते दोन रुपये म्हणजे माझ्या मायची जवळपास एका दिवसाची मजुरी.

माय खाली बसली. म्हणाली, "पोर उपाशी असंल, तरी परत धाडलं तिनं."

दादा म्हणाले, "उलटं हाये. तिच्यापाशी असंल, म्हून धाडलं."

त्यावरून दोघांचं रात्रभर चाललं. आणि तो वाद कधी मिटलाच नाही.

पुढची गोष्ट अशी झाली की संक्रांतीला मायनं तीच नोट पुन्हा दुरडीच्या तळाशी घातली. अक्कानं परतीत वाटीभर जवस घालून ती पुन्हा धाडली. १९७३ ला पाऊस बरा झाला, पंचमीला लाह्या ज्वारीच्या झाल्या, पण नोट जात-येत राहिली. दोघींनी एकमेकींना त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. अक्का माहेरी आली तरी विषय निघायचा नाही. १९७५ च्या उन्हाळ्यात दादा अंथरुणाला खिळले. निरोप पोचला तेव्हा नोट अक्काच्या घरी होती. तिनं ती मोडली, एसटीचं तिकीट काढलं आणि रात्रीच्या आत दादांच्या उशाशी येऊन बसली. माय मला म्हणाली, "बघ, मार्गी लागले पैसे."

त्यानंतर दिवस पालटले. १९७६ च्या फेब्रुवारीत पैठणला जायकवाडीचं धरण सुरू झालं. आमच्या डोंगराळ भागाला त्याचं पाणी नाही, पण शहराला आणि कारखान्यांना मिळालं. १९८५ ला वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि गावोगावची पोरं पहाटेच्या बसनं शिफ्टला जाऊ लागली. बोनस हा शब्द आमच्या घरात आला. कायद्यानं किमान ८.३३ टक्के, हे शेतकऱ्याच्या पोरांना तोंडपाठ झालं. दिवाळीला कंपनीतून मिठाईचा पुठ्ठ्याचा बॉक्स मिळायचा. सुरुवातीला तो बॉक्स बहिणीकडं न्यायला अभिमान वाटायचा. मीही नेला. दुरडीच्या जागी आधी डालड्याचा पिवळा डबा आला होता, मग स्टीलचा आला, मग हा बॉक्स. डबे तरी परत यायचे. पुठ्ठ्याचा बॉक्स कोण परत करणार? 'रिकामं परत करायचं नाही' हा नियम कुणी मोडला नाही. तो पाळायला भांडंच राहिलं नाही.

बुरुडाची पोरंही शहरात गेली. सूप प्लॅस्टिकचं मिळू लागल्यावर ते तरी काय करणार?

२०२२ च्या दिवाळीला सरकारनं रेशनकार्डावर 'आनंदाचा शिधा' दिला. शंभर रुपयांत एक किलो रवा, एक किलो साखर, एक किलो हरभरा डाळ आणि एक लिटर पामतेल. रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या एका म्हातारीनं पिशवी उघडून चारही जिन्नस वरखाली करून पाहिले. मला म्हणाली, "समदं हाये, पर करायचं आपल्यालाच." त्यात तक्रार नव्हती. शंभर रुपयांत लाडू-करंजीचं सामान आलं याचा तिला आनंदच होता. घरी जाऊन ती लाडू करणार होती आणि त्यातले चार बांधून लेकीकडं धाडणार होती. मला वाटतं, शिधा आणि दुरडी यांच्यातलं अंतर तेवढंच आहे, पण ते कुणाला तरी चालावं लागतं.

ठरल्याप्रमाणं चार दिवसांनी मी सिडकोत गेलो. नातीनं वहीत हिशोब मांडलाच होता. शहरातल्या बुरुडाकडून सत्तर रुपयांना एक अशा सात दुरड्या, ४९० रुपये. चिवड्याचे पोहे, डाळवं, शेंगदाणे, तेल मिळून ६२०. गूळ आणि तीळ ३८०. पणत्या आणि वाती १४०. चटण्या-मसाल्यांचं सामान २९०. झाले १९२०. उरलेल्या १८० रुपयांत ती चमकीचा कागद आणि रिबिनी आणणार होती.

अक्का आता सत्तरीपार आहे. गुडघे गेलेत, पण नजर शाबूत. ती पलंगावरून म्हणाली, "कागद कशाला? माझं जुनं लुगडं फाड." तिनं सातही दुरड्या सारख्या भरू दिल्या नाहीत. "कुणाकडं जाणार ती सांग आधी." शेजारचे आजी-आजोबा एकटे राहतात. त्यांना दात नाहीत म्हणून मऊ तिळगुळाची वडी आणि मेतकूट. रात्रपाळी करणाऱ्या मैत्रिणीला चिवडा आणि शेंगदाण्याची चटणी, पहाटे घरी आल्यावर खायला. ऑफिसातल्या एका मुलीला नुकतंच बाळ झालेलं. तिच्या दुरडीतून चिवडा काढून अक्कानं घरातला डिंक, खारीक आणि अळीव घातले आणि जुन्या लुगड्याचं एक दुपटं शिवायला बसली. खर्च वाढला नाही. फक्त जिन्नस इकडचे तिकडं झाले.

"आन् तळाला काय घालणार?" अक्कानं विचारलं.

नातीला कळेना. मी गावाकडून येताना चार किलो ज्वारी आणली होती, ती पुढं केली. प्रत्येक दुरडीत दोन-दोन ओंजळी पडल्या. रिबिनीचे १८० रुपये पोरीच्या हातात तसेच राहिले.

दाभणात सुतळी ओवताना मी अक्काला पन्नास वर्षं अडलेला प्रश्न विचारला. म्हटलं, "बहात्तरची नोट तू परत का धाडली होतीस? माय म्हणायची, उपाशी राहून. दादा म्हणायचे, तुझ्यापाशी होते म्हणून."

अक्का बराच वेळ टाके घालत राहिली. मग म्हणाली, "माझ्यापाशी काय असणार? काही नव्हतं. पर त्या दिवशी मामींनी चार बायांत माझी लाज राखली. त्यांनी त्या सुकडीला नाव ठेवू दिलं नाही. आन् त्यांच्याच घरात बसून, त्यांच्यापासून दोन रुपये लपवून ठेवू? माझ्या हाताला ते लागंनात. बरं, द्यावे त्यांना, तर आधीच्या साली आलेल्या रुपयांचं काय सांगू? म्हून धाडले परत."

"मग पंच्याहत्तरला कशी मोडलीस?"

"तवा मामींनाच सांगितलं. दादा आजारी हायेत, मायनं दिलेले दोन रुपये हायेत, जाऊ का? म्हणाल्या, मला ठावं हाये. दर साली तूच पाखडतीस ना ज्वारी? मीबी पाखडली हाये माझ्या टायमाला." अक्का हसली. मग नातीला म्हणाली, "आन् तुझ्या या मामाआजोबाची वही वाचली होती मी तळाशी. सगळी गणितं चुकलेली."

सात दुरड्या दिवाळीला सात घरी गेल्या. नातीनं प्रत्येकीचे फोटो काढले. लोकांना आवडल्या, निरोप आले, आभार आले. दुरड्या मात्र कुणी परत केल्या नाहीत. मला तशी अपेक्षाही नव्हती. कुणी तिच्यात कांदे ठेवले असतील, कुणी रिमोट.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. रात्रपाळीच्या मैत्रिणीनं दुरडी परत केली होती. आत पावभर बोरं होती. "मामाआजोबा," ती म्हणाली, "मी अजून बोरं काढली नाहीत. आजी म्हणतेय, आधी तळ बघ."